त्याला सांग

“त्याला सांग, पोरगा कुठेही जाणार नाही.”

बाबांनी हे सांगितलं तेव्हा काका त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते. मध्ये काच कापायचं टेबल, टेबलावर जाड कांबळं, कांबळ्यावर आडवी पडलेली लांबरुंद काच, आणि टेबलाच्या डोक्याशी टपाल. टपाल हे काही कुणाचं नाव नसतं, पण त्याला दुसऱ्या नावाने हाक मारायचं घरातल्यांनी कधीच सोडून दिलं होतं. त्याने मान काकांकडे वळवली आणि सांगितलं, “बाबा म्हणतात, पोरगा कुठेही जाणार नाही.” काकांनी काच कापायचा हिरा रॉकेलच्या वाटीत बुडवला, फडक्याला पुसला, आणि हे वाक्य आत्ताच कुणीतरी लांबच्या गावाहून आणून दिल्यासारखा त्यावर विचार केला. मग म्हणाले, “त्याला विचार, पोरगा किती वर्षांचा झाला ते तरी आठवतंय का.” टपालची मान उलटी फिरली. “काका विचारतात, पोरगा किती वर्षांचा झाला ते आठवतंय का.” पोरगा म्हणजे तो स्वतःच. मिसरूड फुटलेला, बापाच्या खांद्याच्या वर गेलेला, आणि तोच मध्ये उभा राहून त्या पोराबद्दल असा बोलत होता, की जणू तो पोरगा बाहेर कुठेतरी उंडारायला गेलाय आणि हा शेजारचा कुणी सज्जन मुलगा निरोप द्यायला आलाय. “त्याला सांग, दुकान काही त्याच्या एकट्याच्या बापाचं नाही.” “बाबा म्हणतात, दुकान तुमच्या एकट्याच्या बापाचं नाही.” “मग त्याचा बाप कोण ते विचार.” कोपऱ्यातल्या खुर्चीवर आरशाची वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकाला एकदम ठसका लागला. नवी गिऱ्हाइकं या दोघांतला बहिरा कोण याचा अंदाज बांधत उभी राहायची. जुनी मात्र खुर्ची ओढून बसायची, त्यांना घाई नसायची.

भांडण सकाळपासून चाललं होतं आणि कारण होतं ठेकेदार. उंच इमारतींना काचा बसवायची कामं घेणारा हा माणूस परवा दुकानात आला, टपालचा हात त्याने बघितला. हिरा एकदाच ओढायचा, केलेल्या रेषेवर परत जायचं नाही, खालून हलकी टिचकी मारायची, की काच आपणहून दोन होते. ठेकेदार म्हणाला, हा पोरगा मला द्या. दुसऱ्या शहरात काम निघालंय, राहायची सोय आहे, दोन दिवसांनी, म्हणजे आज दुपारी, गाडी सुटेल, यायचं असेल तर पिशवी भरून तयार राहू दे. काका म्हणत होते जाऊ दे, बाबा म्हणत होते नाही. टपालला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्याला धड सांगता आलं असतं की नाही कोण जाणे. त्याला एवढंच हवं होतं, की दोघांपैकी एकाने त्याच्याकडे बघून, पलीकडे पोचवायला म्हणून नाही तर त्याच्यासाठी म्हणून, नुसतं राहा म्हणावं. मग तो राहिला असता. पिशवी त्याने सकाळीच भरली होती, पण पिशवीचं काय, रिकामीही करता येते.

कालपर्यंत ती भरायचं त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नसतं. काल तो एका दवाखान्याच्या खिडक्यांची मापं घ्यायला गेला होता. तिथला माणूस म्हणाला, साहेब नाहीत, उद्या ये. म्हणून तो आल्या पावली फिरला आणि वळसा नको म्हणून मागच्या गल्लीतून शिरला. मागचं दार उघडंच होतं. आत बोलणं चाललं होतं, त्याला वाटलं गिऱ्हाईक असेल. “तुझ्याकडे घे जरा.” “घेतलं. पायाखाली बघ, फळी आहे.” “दिसतेय रे, इतका काही म्हातारा नाही झालो.” “माझ्यापेक्षा मोठाच आहेस की दादा.” आणि मग हसणं. दोन माणसांचं, एकात एक मिसळलेलं. भिंतीला टेकवून ठेवलेल्या आरशांमधून त्याला ते दोघं तुकड्यातुकड्यांनी दिसले, एका आरशात बाबांचा खांदा, दुसऱ्यात काकांची पाठ, तिसऱ्यात दोघांच्या हातातली काच, आणि खाली पाय, चारही पाय एका लयीत तिरके पडत होते. त्याच्या अंगावर काटा आला तो शब्दांनी नाही. शब्द काय, साधेच होते. काटा आला तो शब्दांमध्ये फटच नव्हती म्हणून. त्याला माहीत असलेल्या जगात बाबांच्या वाक्यानंतर एक फट असायची, त्या फटीत त्याची मान वळायची, आणि मग काकांचं वाक्य यायचं. तो राहायचाच त्या फटीत. इथे वाक्याला वाक्य चिकटलेलं होतं, तिथून सुईसुद्धा गेली नसती. आणि दादा. काकांच्या तोंडून हा शब्द त्याने उभ्या जन्मात ऐकला नव्हता. तो पाऊल न वाजवता मागे सरकला, गल्ली वळून पुढे आला, मुद्दाम धडधड शटर वर ढकललं आणि आत शिरला. तोवर काच रॅकमध्ये गेली होती, दोघांच्या पाठी एकमेकांकडे होत्या, आणि बाबा म्हणाले, “त्याला सांग, कडा घासायच्या राहिल्यात.” तोंडात मारल्यासारखं झालं होतं, तरी तोंड चाललं. “काका, बाबा म्हणतात कडा घासायच्या राहिल्यात.” ही गोष्ट त्याला स्वतःची सगळ्यात जास्त खटकत होती. की त्याने सांगितलं.

अबोला सुरू झाला तेव्हा टपाल एवढा लहान होता की टेबलावरची काच बघायला त्याला खोक्यावर चढावं लागायचं. कुठल्याशा मोठ्या हॉटेलचा आरसा दोघं उचलत होते आणि तो सुटला. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वळत नाहीत. बाबा म्हणाले, याने आधी सोडला. काका म्हणाले, याने. दोघांनी एकेकदाच म्हटलं आणि त्यानंतर एकमेकांशी बोलणं संपलं. पण दुकान एक, घर एक, आणि एकट्याने उचलता येईल असं काचेच्या धंद्यात फारसं काही नसतं. सुरुवातीला आई निरोप पोचवायची. मग तिला कपड्यांच्या दुकानात फिटिंगचं काम लागलं, ती दिवसभर बाहेर, म्हणून खोक्यावरच्या पोराला खाली उतरवून मध्ये उभं केलं. मुलाच्या आवाजात कसलंही बोलणं मवाळ होतं, असं त्यांना वाटलं असावं. नियम कुणी बसून ठरवले नाहीत, ते होत गेले. बोलायचं ते ‘त्याला सांग’पासून. आणि समोरच्याचं बोलणं कानावर पडलं तरी पडलं नाही असं धरायचं, टपालच्या तोंडून आलं की मगच ते आलं. एकदा काकांच्या मागे रॉकेलचं फडकं पेटलं, तर बाबा ओरडले, “त्याला सांग, मागे पेटलंय,” आणि काका उभेच. पोराने घाबरून “काका, मागे पेटलंय” म्हटलं तेव्हा कुठे ते उडी मारून बाजूला झाले. हा किस्सा घरात कितीतरी वेळा हसत सांगितला गेला, म्हणजे बाबांनी वेगळा सांगितला आणि काकांनी वेगळा, आणि दोघंही एकाच ठिकाणी हसायचे.

शाळा त्याने सोडली ती डोकं फिरलं म्हणून. वर्गात एक मास्तर त्याची नक्कल करायचे, मान एकदा इकडे एकदा तिकडे, आणि वर्ग खिदळायचा. एके दिवशी त्याने बाक उलटा केला, दप्तर तिथेच टाकलं आणि घरी आला तो परत गेलाच नाही. घरी मार पडेल असं त्याला वाटलं होतं. पडला असता तर बरं झालं असतं. कुणी काही बोललं नाही, तो बरेच दिवस खोलीत भिंतीला डोकं टेकवून बसून राहिला, आणि मग एका सकाळी बाबा दारात आले, काका त्यांच्या मागे, आणि बाबा म्हणाले, “त्याला सांग, कालच्या चौकटीचं माप चुकलंय.” टपाल उठला. भिंतीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग राहिला होता. तो दुकानात गेला, मध्ये उभा राहिला, आणि पुष्कळ दिवसांनी त्याला हात कुठे ठेवायचे हे कळलं. पुढे एकदा तो तापाने फणफणला तर दोघं त्याच्या गादीच्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. “त्याला विचार, जाड काच शिल्लक आहे का.” टपाल डोळे न उघडता म्हणाला, “काका, जाड काच आहे का.” “त्याला सांग, आहे. आणि तू झोप.” तो झोप कुणासाठी होता, बाबांसाठी की त्याच्यासाठी, हे त्याला तापात कळेना. त्याने तेही पोचवलं. “बाबा, काका म्हणतात आहे, आणि तू झोप.” बाबा म्हणाले, “बरं, झोपतो.” त्या दिवशी इतकं बरं वाटलं होतं त्याला. आपण आडवे झालो तर दुकान आपल्या गादीपाशी चालत येतं.

वरची खोली भाड्याने घेतलेली ताई माणसांचा अभ्यास करायची. त्यात काय शिकायचं, टपाल तिला म्हणाला होता, माणसं तर फुकट दिसतात, डोळे असले की झालं. ती चिडली नाही, म्हणाली, तुला डोळे आहेत खरे. संध्याकाळी ती जिन्यात बसून चहा प्यायची आणि हा दोन पायऱ्या खाली, आणि ती त्याला कुठकुठच्या माणसांचं सांगायची. कुठे म्हणे जावयाने सासूच्या नजरेला पडायचंच नाही, वाटेत समोरून आली तर त्याने झुडपात शिरायचं. कुठे काही नात्यांत थट्टा करावीच लागते, नाही केली तर माणसं रागावतात. त्याला हसू आलं. ती म्हणाली, हसतोस काय, तुमच्या दुकानात येऊन बस एकदा परक्यासारखा. आपल्याला जे करताना का करतो असं विचारावंसंही वाटत नाही ना, तीच आपली संस्कृती. बाकी सगळं वरवरचं. तिच्या अभ्यासाची रीतच अशी होती, की परक्यांत जाऊन राहायचं, त्यांचं खायचं, त्यांच्यासारखं बोलायचं, आणि तरी डोळा बाहेरचा ठेवायचा. “आणि तुझ्यासारखा मधला माणूसही असतो बऱ्याच ठिकाणी,” ती म्हणाली. “तू नुसता माणूस नाहीस रे, संस्था आहेस.” हे त्याने जेवताना घरी सांगितलं. बाबा म्हणाले, “त्याला सांग, आपल्याकडे संस्था निघाली.” काका म्हणाले, “त्याला विचार, अध्यक्ष कोण.” आई हसली आणि मिठाचं भांडं दोघांच्या बरोबर मध्ये सरकवलं, कुणाला मागायला लागू नये म्हणून. ते भांडं रोजच तिथे असायचं. पण त्या दिवशी टपालला ते पहिल्यांदा दिसलं. मग दिसतच राहिलं. काका जिना उतरताना खोकतात, म्हणजे बाबांनी न्हाणीतून बाहेर यावं. बाबा वर्तमानपत्र वाचून झालं की खुर्चीवर ठेवतात, हातात देत नाहीत. आई दोघांना एकाच वेळी वाढते, एक पळी डावीकडे, एक उजवीकडे, कुणाला आधी नाही. सुरुवातीला गंमत वाटली. नंतर असं झालं, की तो जेवत असायचा आणि जेवणाऱ्या चार माणसांकडे कुठूनतरी वरून बघतही असायचा, आणि त्या चौघांतला जो सगळ्यात लहान होता, जो घास तोंडात धरून एकाकडून दुसरीकडे मान वळवत होता, त्याच्याबद्दल काही वाटायचं नाही. डोळ्यात कुसळ जावं तसा तो बाहेरचा डोळा आत जाऊन बसला होता आणि चोळून निघत नव्हता. एकदा ताईने सांगितलं, पुष्कळ ठिकाणी तुझ्या वयाच्या पोरांना घरापासून लांब नेऊन ठेवतात. तेवढे दिवस ती लहानही नसतात आणि मोठीही नसतात, कुणीच नसतात. मग परत आणतात, आणि ती मोठी झाली असं सगळे मानतात. टपाल म्हणाला, “आणि परत आणायचं विसरले तर?” ती हसायला लागली, मग त्याच्याकडे बघून थांबली.

काल संध्याकाळी आई खिडकीशी बसून कुणाच्यातरी पँटचा काठ उसवत होती. त्याने तिला विचारलं, तुला माहीत होतं का. काय, हे तिने विचारलं नाही, यावरूनच त्याला उत्तर मिळालं. “मला वाटायचं तुलाही कळलं असेल,” ती म्हणाली. तू एवढा हुशार, एवढं सगळं टिपतोस. कधीपासून बोलतात, त्याने विचारलं. तिने दोरा दाताने तोडला. तू शाळेत जायचास ना, ती म्हणाली, तेव्हा दिवसभर मध्ये कोण असायचं त्यांच्या? पहिली काही वर्षं खुणांवर चाललं, तू परत येईपर्यंत अडलेलं काम तसंच पडून राहायचं. मग हळूहळू फुटले बोलायला, कामापुरतं. तू घरी आलास की पुन्हा बंद, सवयच झाली होती ती. पुढे तर तेही सुटायला लागलं होतं, एकदा तुझ्यासमोर चुकून बोललेसुद्धा, तुझं लक्ष नव्हतं. “मग परत का बंद केलं?” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच नको तेवढा मोठा वाटला. आई पँटकडे बघत राहिली. “तू शाळा सोडून आलास,” ती म्हणाली. “भिंतीला डोकं लावून बसायचास. हाक मारली तर ओ द्यायचा नाहीस. मग ते दोघं एक दिवस तुझ्या दारात गेले.” तिने आणखी चार टाके उसवले. “नाहीतर तू काय केलं असतंस रे दिवसभर?”

त्यावर बोलायला तोंड हवं, आणि तोंड हे त्याचं नव्हतंच असं त्याला वाटत होतं. आजारी माणसाला खेळायला कुणी मोडकं घड्याळ द्यावं, आणि त्याने ते वर्षानुवर्षं दुरुस्त करत बसावं, आणि सगळ्यांनी येता जाता म्हणावं, वा, चाललंय की. राग आला पाहिजे, इतकंच त्याला कळत होतं. एरवी राग कसा, चहा ओतू जातो तसा यायचा. या वेळी तो शोधावा लागत होता, आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी हाताला लागत होतं, गरम, मऊ, नकोसं. दोघं दारात उभे. चौकटीचं माप चुकलंय. ते चुकलं तरी होतं का? तापातली जाड काच, तिची तरी खरंच कुणाला गरज होती का, की शिकवल्यासारखे दोघं गादीपाशी येऊन उभे राहिले होते? त्याने एकेक निरोप आठवून बघायला सुरुवात केली आणि सोडून दिली. खरे कोणते आणि त्याच्यासाठी केलेले कोणते, हे वेगळं करायला बाहेरून कुठली खूणच नव्हती. सकाळी जिन्यात ताई भेटली तर त्याने तिलाही विचारलं. तिच्या खोलीच्या फरशीखालीच दुकान, तिला सगळं ऐकू यायचं. “ते माझ्याकडून कळायला नको होतं,” ती म्हणाली. मी बघायला आलेय, हात घालायला नाही. तुला कळू न देणं हाच जर त्यांचा नियम असेल, तर तो मी कसा मोडू? “नियम गेला खड्ड्यात,” तो म्हणाला. त्या बोलण्याकडेही तिने लक्ष देऊन पाहिलं, आणि त्याला एकदम कळलं की हेही ती कुठेतरी आत जपून ठेवणार. सगळ्या घरात, वर, खाली, जिन्यात, सगळ्यांना माहीत होतं. डोळे ज्याला आहेत म्हणायचे त्याला तेवढंच दिसलं नव्हतं. त्याने वर जाऊन पिशवी भरली.

आणि आता दुपार होत आली होती, काच टेबलावर पडलेली होती, आणि बाबा तेच तेच सांगत होते. गिऱ्हाईक आरसा घेऊन गेलं. ते गेलं तेव्हा टपालला क्षणभर वाटलं, आता बघायला कुणी नाही, आता तरी थांबवतील. पण बघायला तो होता ना. ज्याच्यासाठी चाललं होतं तो खुर्चीवर बसून नव्हता, मध्ये उभा होता. काका म्हणाले, “त्याला सांग, जन्मभर याला या टेबलाशी बांधून ठेवणार का.” टपालने सांगितलं. काकांना कंटाळा आला असेल या नाटकाचा, त्याच्या मनात आलं. किंवा माया असेल. दोन्ही एकाच आवाजात येतात. बाबांनी दोन्ही तळवे काचेवर टेकवले. ते उचलले तेव्हा तिथे वाफेचे दोन हात राहिले आणि कडेकडून पुसट होत गेले. “त्याला शेवटचं सांग,” बाबा म्हणाले. “पोरगा इथेच राहणार. त्याच्याशिवाय हे दुकान चालणार नाही.”

शोधून न सापडलेला राग इथे सापडला. त्याच्याशिवाय म्हणे. इतक्या वर्षांत त्याने निरोपात शब्द इकडचा तिकडे केला असेल, शिवी गाळली असेल, पण निरोप बदलला कधी नव्हता. त्याने मान वळवली, नेहमीसारखी, नेहमीच्याच वेगाने, आणि काकांकडे बघून म्हणाला,

“बाबा म्हणतात, त्या दिवशी आरसा आधी मी सोडला.”

कडा घासायच्या चाकावर ठिबकणारं पाणी मोठ्याने ऐकू यायला लागलं. मागून थोबाडीत बसणार म्हणून त्याची मान आपोआप खांद्यात गेली होती. बसली असती तर बरं होतं, बाबा काकांना म्हणाले असते, मी असं काही बोललो नाही, काका म्हणाले असते, मला माहीत आहे, मी काय बहिरा आहे, आणि सगळं त्याच्यादेखत उघडं पडलं असतं. त्याला तेच हवं होतं, फुटलेलं हवं होतं. पण थोबाडीत बसली नाही. काका त्याच्याकडे बघतच नव्हते. ते त्याच्या कानावरून पलीकडे बाबांकडे बघत होते, आणि बाबांनी काय सांगितलं होतं हे त्यांनी दोन हातांवरून स्वच्छ ऐकलं होतं. त्यांनी ओठ चाटले.

“त्याला सांग,” काका म्हणाले, आणि थांबले. न वळणाऱ्या बोटांनी त्यांनी कांबळ्याचा धागा उपटायचा प्रयत्न केला, तो निघेना. “त्याला सांग, घाम आला होता हाताला. माझ्याही.”

टपालने मान फिरवली, तोंड उघडलं. बाबांचा चेहरा त्याला जवळून दिसला. ते जे बोललेच नव्हते ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं, अंगावर टाकलेल्या शालीसारखं, आणि ते काढून टाकत नव्हते. “ऐकलं मी,” बाबा म्हणाले. टपालला नाही. पलीकडे.

मग बाबांनी काचेवरून हात पुढे केला. “बघू.” काकांनी उजवा हात दिला. बाबांनी ती दोन बोटं बोटांत धरली, एकदा वाकवायचा प्रयत्न केला, सोडून दिला. “थंडीत दुखतात का रे?” “दुखतात थोडी.” “बोलला नाहीस कधी.” “तू विचारलं नाहीस.” मागच्या दाराने ऐकलेल्या बोलण्यासारखं हे नव्हतं. त्या बोलण्यात हे कधी आलं नसावं, ते नुसतं फळी बघ, काच घे, एवढंच असावं, कारण दोघंही नव्याने चालायला लागल्यासारखे जपून बोलत होते. पण फट नव्हती. वाक्याला वाक्य लागत होतं. टपाल टेबलाच्या डोक्याशी उभा होता, त्याची मान सवयीने एकाकडून दुसऱ्याकडे वळत होती, पण आता दर वेळी ती पोचेपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असायचं. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. त्याने ते खिशात घातले.

“याचं काय करायचं?” बाबा म्हणाले.

“जाऊ दे म्हणतो मी. शिकेल.”

“जाऊ दे म्हणतोस?”

“हो.”

बाबांनी काकांचा हात अजून सोडला नव्हता. “बरं,” ते म्हणाले. “जाऊ दे.”

सकाळपासून जे सुटत नव्हतं ते एवढ्यात सुटलं. मध्ये कुणी नसलं की किती लवकर ठरतं, टपालला वाटलं, आणि त्याला हसूही आलं, ते बाहेर काही आलं नाही. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजला, लांब, मग दोनदा तोकडा. ठेकेदाराची गाडी. दोघांनी एकदमच त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत या टेबलाशी दोघांनी एका वेळी त्याच्याकडे बघितलं नव्हतं, एक बघायचा तेव्हा दुसऱ्याची पाठ असायची. बाबांचे डोळे ओले होते की रॉकेलने चुरचुरत होते, कळेना.

“वाटेत खायला काही घेतलंस का?” बाबांनी विचारलं.

टपालने मान काकांकडे वळवली. “बाबा विचारतात,” तो म्हणाला, आणि पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. काका त्याच्याकडे बघत होते, बाबा बघत होते. आतमध्ये आई नव्हती, ती कामावर होती. कुणीच घाई करत नव्हतं, दोघंही त्याच्या उत्तरासाठी थांबले होते, आणि त्याला सांगायचं होतं की नाही घेतलं, आणि मी जातच नाही, आणि तुम्ही दोघं एकदा मलाच काहीतरी म्हणा. पण हे कुणाच्या वतीने सांगायचं, ते त्याला सापडेना. हॉर्न पुन्हा वाजला.

“वाटेत घेईन काहीतरी,” तो म्हणाला. “गाडी थांबलीय. निघायला पाहिजे मला आता.”